जोडे घातलेली अक्षरं

मेलेल्या माणसाचं नाव श्रावणभाऊ पौनीकर तिरपं लिहीत नाहीत. तुम्ही हात जोडा, दुप्पट पैसे देऊ करा, ओळखीच्या नगरसेवकाचा फोन लावून त्यांच्या कानाला धरा, काही उपयोग होत नाही. नागपूरच्या नंदनवन भागात त्यांचं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे, आणि भिंतीला भिंत लावून माझं चष्म्याचं. त्यामुळे श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला लोक रडत आत जातात आणि चिडून बाहेर येतात, हे मला बसल्या जागेवरून दिसत असतं.

"भाऊ, जरा स्टायलिश करा ना. आमच्या बाबाले स्टाइल आवडे."

"मंग जित्तेपनी काहून नाई आले माह्याकडे?" श्रावणभाऊ विचारतात. "आता चालून राहिले का ते? नाई ना? मंग अक्षर कायले चालवता?"

हे चालतं अक्षर म्हणजे श्रावणभाऊंचं मोठं खूळ. अक्षर जाडजूड, उजवीकडे कललेलं, आणि प्रत्येक दांड्याच्या बुडाशी एक चौकोनी ठोकळा. एकदा डिझाइनचं शिकणारी एक मुलगी आली होती. तिने कौतुकाने सांगितलं, "काका, याला बोल्ड इटालिक स्लॅब सेरिफ म्हणतात." श्रावणभाऊंनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं आणि कडू बी लागल्यासारखा चेहरा केला. "स्लॅब घरावर टाकतेत, पोरी. हे जोडे हायत."

इंग्रजीतलं असलं अक्षर त्यांनी म्हणे कुठल्याशा ट्रॅक्टरच्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. मग धंदा थंड असताना कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी अख्ख्या बाराखडीच्या पायात जोडे चढवले. 'ग' आणि 'म' बिचारे गरीब, मुकाट्याने जोडा घालून घेतला. 'ट', 'ठ', 'ढ' यांनी मात्र छळलं. "लंगडी जात गा ते, अशोकभाऊ," ते मला सांगायचे. "पायच नाईत. जोडा घालू कुठं?" शेवटी त्यांनी त्या तिघांच्या शेपटीलाच टाच ठोकली. तो 'ठ' पाहिला की मला रिक्षातून एक पाय बाहेर काढून बसलेला माणूस आठवतो, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

या अक्षराचा एक स्वभाव आहे. त्याला हळू बोलता येत नाही. कबड्डी मंडळाच्या बनियनवर, बँडवाल्याच्या ढोलावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, शिकवणी वर्गाच्या पाटीवर ते शोभतं, कारण तिथे सगळ्यांनाच कुठे ना कुठे पोचायची घाई असते. पण श्रावणभाऊ ते सगळीकडे वापरतात. आमच्या गल्लीत 'घर भाड्याने देणे आहे' अशी त्यांची पाटी लागली तेव्हा ते घर भाडेकरूची वाट न पाहता स्वतःच निघालंय असं वाटायचं. एका दवाखान्याला त्यांनी 'शांतता राखा' करून दिलं. ते वाचून पेशंट दचकायचे. 'पुढे गतिरोधक आहे' या त्यांच्या पाटीजवळ तर पोरं गाडीचा वेग वाढवतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी काही बोललो की उत्तर ठरलेलं. "उभं तं खांबबी राह्यते, अशोकभाऊ. अक्षर चाललं पायजे."

माझ्या दुकानातल्या तक्त्यावरही त्यांचा राग आहे. डोळे तपासायला बसवलं की पहिली ओळ वाचतात आणि थांबतात. "हे सारे सावधानमधी उभे हायत. सावधानमधला मानूस कोनालेबी दिसते. चालता दाखवा, मंग सांगतो माहे डोये कसे हायत ते." मी म्हणतो, तुमची अक्षरं इतकी ठसठशीत असतात की ती वाचायला चष्मा लागतच नाही, तुम्ही माझा धंदा बुडवता. यावर ते खूश होतात. एरवी त्यांना खूश झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. मीही त्यातलाच. माझ्याकडे माणसं येतात तीच मुळी दिसेनासं झाल्यावर. अशा धंद्यात माणूस हसरा राहत नाही.

तर मेलेल्यांचा नियम. गेलेल्या माणसाचं नाव सरळ, बारीक, आणि बिनजोड्याचं. त्यामागचं कारण ते इतक्या सहज सांगतात की वाद घालायला जागाच उरत नाही. "देवाच्या घरी जोडे घालून जाते का कोनी?"

आणि जोवर श्वास चालू आहे तोवर माणूस जोड्यातच. एकदा एका म्हाताऱ्यापुढे डॉक्टरने हात टेकले म्हणून घरचे लोक आधीच फ्लेक्स सांगायला आले, सकाळी धावपळ नको म्हणून. श्रावणभाऊंनी विचारलं, "श्वास हाये?" ते म्हणाले, "हाये, पन नावाचाच." श्रावणभाऊ म्हणाले, "मंग नाव जोड्यातच राहीन. गेल्यावर या." ते चिडून दुसरीकडे गेले आणि फ्लेक्स करून घेतला. म्हातारा काही गेला नाही. तो बरा होऊन घरी आला, आणि आता पावसाळ्यात आपल्याच श्रद्धांजलीचा फ्लेक्स स्कूटरवर पांघरतो. दसऱ्याला मात्र न चुकता श्रावणभाऊंना सोनं द्यायला येतो.

या गोष्टीचा बोभाटा झाला. श्रावणभाऊंच्या जोड्यात काहीतरी आहे असं लोक म्हणू लागले. दवाखान्यात माणूस ठेवलेले लोक यायचे आणि खाली मान घालून सांगायचे, "भाऊ, आमच्या आईचं नाव लिहून द्या ना, जोड्यातलं." श्रावणभाऊ ओरडायचे, "मी का वैद्य हाय?" आणि लगेच लिहायला बसायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पुढे कधीतरी त्यांतलीच माणसं परत यायची आणि दारात नुसती उभी राहायची. श्रावणभाऊ काही विचारायचे नाहीत. ते आईचं नाव सरळ करायला घ्यायचे. त्या दिवशी आमच्या भिंतीपलीकडून दिवसभर आवाज यायचा नाही.

मी या जागेत आलो त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चौकात एक मोठा फ्लेक्स लागला. 'मारोतराव पौनीकर यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' अक्षरं अशी की खांबावरून उडी मारून रस्त्यावर धावतील. फोटोत पांढरा शर्ट घातलेला, केस चापून बसवलेला, कॅमेऱ्याला घाबरलेला एक माणूस. मला वाटलं, असेल कोणी पुढारी. पुढच्या वर्षी तोच फ्लेक्स, तोच फोटो. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. हे मारोतराव म्हातारे होत नव्हते आणि कुठे दिसतही नव्हते. मग निवडणुका जवळ आल्या आणि एका पक्षाचा कार्यकर्ता दुकानात चौकशीला आला.

"हे मारोतराव कोन्या वॉर्डातून उभे राहून राहिले, भाऊ?"

"ते उभे राहत नाईत," श्रावणभाऊ म्हणाले. "ते चालून राहिले."

कार्यकर्ता हसला. मीही हसलो. श्रावणभाऊ हसले नाहीत, म्हणून तो गेल्यावर मी विचारलं.

मारोतराव त्यांचा थोरला भाऊ. घर उमरेडचं, विणकराचं. श्रावणभाऊंना हातमागापेक्षा भिंतीवर नावं रंगवण्यात रस आहे हे ओळखून त्यांच्या हातात पहिला ब्रश दिला तो याच भावाने. पुढे माग बंद पडला. मारोतराव बुटीबोरीच्या एका गिरणीत लागले आणि तिथल्या आवाजाने हळूहळू बोलायचेच बंद झाले. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवले, हात धुतला, बाहेर गेले, आणि परत आले नाहीत. कोणाशी भांडण नाही, काही नाही.

"यष्टीतून येनाऱ्या एका मानसानं पाह्यलं त्याले," श्रावणभाऊ स्क्रीनकडे बघत म्हणाले. "नागपूरच्या रस्त्यानं सीधा चालून राहिला होता म्हने. चपला घरी उंबऱ्यापाशीच होत्या. मे महिना होता, अशोकभाऊ."

ज्यांनी नागपूरचा मे महिन्यातला डांबरी रस्ता पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ठोकळ्यांची ही अक्षरं श्रावणभाऊंनी त्यानंतर बनवली, त्याआधी नाही. मला हे कळलं आणि मी त्या अक्षराची चेष्टा करणं बंद केलं. खरं तर कमी केलं. सवय एकदम जात नाही.

भाऊ निघून गेल्यावर श्रावणभाऊंनी वहिनीला आणि तिच्या लहान मुलीला इथे नंदनवनात आणलं. मागच्या गल्लीत खोली घेऊन दिली. स्वतः दुकानावरच्या माळ्यावर राहिले, लग्न केलं नाही. सुमनवहिनी पिको-फॉलचं काम करतात. सुईत दोरा ओवायचा चष्मा त्या माझ्याकडूनच नेतात. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. रोज सकाळी कामाचं गाठोडं घेऊन दुकानावरून जाताना त्या जराशा थांबतात, शटरच्या कुलपाशी वाकलेले श्रावणभाऊ मान वर करून बघतात, आणि त्या पुढे जातात. बोलणं काही नाही. मला वाटायचं, रीतच असेल घरातली.

उमरेडची मोठी माणसं मधून मधून येत. त्यांचं म्हणणं, बारा वर्षं होऊन गेली, आता रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यावा, म्हणजे मारोतीही सुटेल आणि घरही सुटेल. श्रावणभाऊ त्यांना चहा पाजायचे आणि चहा संपला की दार दाखवायचे. एकदा एका काकाने 'पळस' एवढं म्हटलं आणि चहाही निम्मा राहिला.

या उन्हाळ्यात मारोतरावांच्या मुलीचं, कोमलचं, लग्न ठरलं. मुलगा बुटीबोरीलाच एका कारखान्यात आहे. शांत, घाम पुसत बोलणारा. पत्रिका कोण छापणार हा प्रश्नच नव्हता. श्रावणभाऊंनी तर हौसेने नमुने काढले. वर गणपती, खाली कोमलचं नाव असं की वाचणाऱ्याला वाटावं, नवरी मांडवाकडे धावतच सुटलीय. मी म्हटलं, "जरा हळू चालवा हो पोरीला." ते हसले. मग व्याह्यांचा फोन आला.

व्याही भला माणूस. त्याने एवढंच विचारलं की पत्रिकेत मुलीच्या वडिलांचं कसं करायचं? 'श्री.' की 'स्व.'? आमच्याकडच्या पत्रिकेत ही दोन अक्षरं फार जागा व्यापतात. 'श्री.' लिहिलं तर पाहुणे विचारणार, कन्येचे वडील कुठे आहेत? 'स्व.' लिहिलं तर वहिनी विधवा झाली, मग हळदीला तिने कुठे बसायचं हे सगळा गाव ठरवणार. आणि श्रावणभाऊंच्या हिशेबात त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या नावाचे जोडे काढावे लागणार.

पत्रिका अडली. बाकी सगळं तयार. आजोबांची नावं, मामाची नावं, कार्यालयाचा पत्ता, जेवणाची वेळ. मधे एक जागा मोकळी. श्रावणभाऊ सकाळी ती फाइल उघडायचे, त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचे आणि संध्याकाळी बंद करायचे. दुसरं काम घेईनात. व्याह्यांचा फोन उचलेनात. मी एकदा भीत भीत म्हणालो, "श्रावणभाऊ, निदान पोरीच्या लग्नासाठी तरी काहीतरी एक ठरवा."

"तुम्ही चष्मे विका," ते म्हणाले.

मी माझ्या दुकानात परत आलो. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. अशा दुपारी गिऱ्हाईक येत नाही, फक्त कूलरचा आवाज असतो आणि आपले विचार. मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. एका गेलेल्या माणसासाठी हे तीन जिवंत जीव इतकी वर्षं उंबऱ्यावर तिष्ठत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. आधी माझ्या दुकानात आल्या. चष्म्याची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळून दिला. त्यांनी चष्मा घातला, काढला, आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा या माह्यासंग." मी त्यांच्यामागून शेजारी गेलो.

श्रावणभाऊ उठून उभे राहिले. खुर्ची पुसून दिली. वहिनी बसल्या नाहीत.

"पत्रिका झाली का, भाऊजी?"

"होऊन राहिली."

"एकच नाव राह्यलं ना?"

श्रावणभाऊंनी स्क्रीन जराशी आपल्याकडे वळवली.

"सीधं लिहा," वहिनी म्हणाल्या.

"कसं लिहू, वहिनी?" श्रावणभाऊंचा आवाज एकदम चढला. "तुमच्या कपायावर कुंकू हाये. मी रोज सकाळी ते पाहतो आन मंग दुकान उघडतो. मले वाटते, वहिनी अजून वाट पाहून राहिली, मंग आपन कोन होतो सीधं लिहिनारे? तो फ्लेक्स मी कोनासाठी लावतो? चौकातून जाताना तुम्हाले दिसलं पायजे, का दादा हाये. कुठंतरी हाये."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. रडत नव्हत्या. घाम होता.

"मी तं लय आधीच समजली होती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "कोमल शाळेत जाऊ लागली तवाच. हे कुंकू मी तुमच्यासाठी लावत होती. रोज तुम्ही पयले माह्या कपायाकडे पाहता. मले वाटे, एक दिवस मी बिना कुंकवाची गेली तं हा मानूस दुकान उघडनार नाई. म्हनून लावत राह्यली."

कूलरचा पंखा फिरत होता. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षं रोज सकाळी माझ्या काचेसमोर हे चाललं होतं, आणि मी, दुसऱ्यांचे डोळे तपासणारा, त्याला रीत समजत होतो.

श्रावणभाऊ खाली बसले. त्यांचा चेहरा त्या क्षणी इतका एकटा दिसला की मला बघवेना. भाऊ हरवला होता तेव्हा निदान वाट पाहायला दोघं आहेत असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते एकटेच पाहत होते.

"लय चालले ते," वहिनी हळू म्हणाल्या. "थांबू द्या आता त्याइले."

मग श्रावणभाऊ स्क्रीनकडे वळले. मोकळ्या जागेत नाव लिहिलं. हाताला सवय ती, नाव जोड्यातलंच आलं, तिरपं, जाड, निघालेलं. फॉन्ट बदलला असता तर एका बोटात काम झालं असतं. ते त्यांनी केलं नाही. अक्षर मोठं केलं आणि दांड्याच्या बुडाशी असलेला एकेक ठोकळा हाताने काढू लागले. 'म'चा काढला. 'त'चा काढला. दमून घरी आलेल्या माणसाचे जोडे घरातल्या कोणीतरी काढावेत, तसं जपून. मग कललेलं नाव धरून सावकाश उभं केलं. आणि त्याच्या आधी 'स्व.' लिहिलं.

वहिनींनी चष्मा घालून ते वाचलं. मान हलवली.

"एक मागू का, वहिनी?" श्रावणभाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "मी सीधं केलं. तुम्ही कुंकू काढू नका."

वहिनींनी चष्मा काढून डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "नाई काढत. पन आता तुमच्यासाठी नाई लावनार, भाऊजी. आता माह्यासाठी लावीन. आन कोमलच्या हळदीले समोर बसीन. पाहू कोन उठवते मले."

त्या गाठोडं उचलून उन्हात निघून गेल्या. श्रावणभाऊ उठले, भिंतीशी ठेवलेला पाइप घेतला आणि आमच्याकडे, म्हणजे आता फक्त माझ्याकडे, पाठ करून कूलरमध्ये पाणी सोडू लागले. कूलर सकाळीच भरलेला होता. पाणी काठावरून उतू गेलं, फरशीवर पसरत माझ्या चपलांपर्यंत आलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मीही करा म्हणालो नाही.